२२ एप्रिल आणि त्यानंतर

वसुंधरा दिन दरवर्षी २२ एप्रिलला येतो. महाराष्ट्रात तेव्हा शाळांच्या वार्षिक परीक्षा चालू असतात किंवा नुकत्याच संपलेल्या असतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो, विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. तरीही त्या दिवशी कुठे ना कुठे खड्डा खणला जातो, रोप लावलं जातं आणि पाहुण्यांच्या हस्ते त्याला पाणी घातलं जातं. मृग लागायला अजून दीड महिना असतो. टँकरवर जगणाऱ्या गावात ते रोप हा दीड महिना कसा काढणार, हे कुणी विचारत नाही.

ही तारीख आपल्या ऋतूंकडे बघून ठरलेली नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांची वसंतातली सुट्टी संपलेली असावी, सत्रान्त परीक्षा सुरू झालेल्या नसाव्यात आणि आठवड्याच्या मध्यावर मुलं आवारातच सापडावीत, एवढा हिशेब करून १९७० सालातला तो बुधवार निवडला गेला. ज्यांनी तो निवडला त्यांना मुलांना गोळा करायचं होतं, आणि मुलांच्या जोरावर वॉशिंग्टनमधल्या पुढाऱ्यांना हलवायचं होतं. वसुंधरा दिन हा जन्मापासून राजकीय दिवस आहे. मराठीत या दिवसावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात ही गोष्ट जवळजवळ येतच नाही. हे पुस्तक वाचकाच्या हाती देताना मला सर्वांत आधी तीच सांगावीशी वाटते.

सुरुवात एका समुद्रकिनाऱ्यापासून करावी लागते. सांता बार्बरा हे लॉस एंजेलिसच्या वायव्येला, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेलं सुखवस्तू शहर. तिथल्या समुद्रतळातून तेल आणि डांबर आपोआप पाझरतं. चुमाश आदिवासी शतकानुशतकं त्याच डांबराने आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी बुजवत आले. तेव्हा या किनाऱ्याला तेल नवं नव्हतं. किनाऱ्यापासून सुमारे सहा मैलांवर युनियन ऑइल कंपनीचा ‘प्लॅटफॉर्म ए’ हा तेलविहिरींचा मंच उभा होता. २८ जानेवारी १९६९ च्या सकाळी तिथली एक विहीर सुमारे साडेतीन हजार फूट खोल गेली होती. कामगार खणण्याचे पाइप वर ओढत असताना खालून चिखल आणि वायू उसळला. त्यांनी उरलेले पाइप तसेच विहिरीत सोडून दिले आणि पाव तासाच्या आत तिचं तोंड बंद केलं. एरवी एवढ्यावर संकट निभावलं असतं.

ते निभावलं नाही, कारण चूक आधीच कागदावर झालेली होती. तेलविहिरीला समुद्रतळापासून ठरावीक खोलीपर्यंत पोलादी नळ्यांचं अस्तर द्यावं लागतं. आतला दाब आजूबाजूच्या खडकात शिरू नये म्हणून हा नियम. या विहिरीला नियमापेक्षा कमी खोलीचं अस्तर चालेल, अशी सवलत कंपनीने मागितली होती आणि केंद्र सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती दिली होती. वरचं तोंड बंद झाल्यावर कोंडलेला दाब अस्तर नसलेल्या भागातून खडकात घुसला, समुद्राचा तळ जागोजागी फाटला आणि त्या भेगांतून तेल व वायू उकळल्यासारखे वर येऊ लागले. विहिरीला बूच लावता येतं, फाटलेल्या समुद्रतळाला काय लावणार? मुख्य गळती आटोक्यात यायला अकरा दिवस लागले. पाझर त्यानंतरही महिनोन् महिने चालू राहिला. ८० हजार ते १ लाख पिंपं तेल समुद्रात गेलं, असा अंदाज आहे.

तेल किनाऱ्याला लागलं तेव्हा ते शोषून घ्यायला वाळूवर पेंढा पसरण्यात आला. भिजून काळा झालेला पेंढा दाताळ्यांनी ओढून त्याचे ढीग घालायला मजुरांबरोबर कॉलेजातली मुलं होती आणि शेजारच्या बंगल्यांतली माणसंही होती. पंख चिकटलेले पक्षी धुऊन काढण्याची केंद्रं उघडली गेली, पण धुतलेल्यांतलेही बहुतेक पक्षी वाचले नाहीत. मोजणीत सापडलेले मेलेले समुद्रपक्षीच साडेतीन हजारांच्या वर होते. हे सगळं टीव्हीवर रंगीत दिसलं.

इथे एक कडवट गोष्ट नोंदवायला हवी. सांता बार्बराचे लोक शिकलेले, पैसेवाले आणि बहुतांशी सरकारपक्षाला मत देणारे होते. त्यांचं दुःख देशभर पोचलं ते त्यांच्या या वजनामुळेही. त्याच वर्षी २२ जूनला क्लीव्हलंड शहरातल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. ही नदी १८६८ पासून डझनभराहून अधिक वेळा पेटली होती. कारखान्यांच्या आणि कामगारवस्त्यांच्या त्या शहरात नदीला आग लागणं ही बातमीच राहिलेली नव्हती. या वेळची आग अर्ध्या तासात विझली, तिचं छायाचित्रही कुणी काढलं नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये तिच्याविषयी लिहिलं तेव्हा छापायला १९५२ सालच्या मोठ्या आगीचं छायाचित्र काढावं लागलं. नदी शंभर वर्षं जळत होती, पण देशाचं लक्ष गेलं ते सांता बार्बराच्या वाळूवर तेल आल्यानंतर. आपल्याकडच्या पंचगंगेच्या किंवा चंद्रपूरच्या वाचकाला यातलं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

आता गेलॉर्ड नेल्सन. विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिअर लेक नावाच्या लहानशा गावात जन्मलेला हा डेमोक्रॅटिक पक्षाचा पुढारी. राज्याचा गव्हर्नर असताना १९६१ मध्ये त्याने सिगारेटच्या पाकिटामागे एक सेंट कर बसवला आणि त्यातून ५ कोटी डॉलर उभे करून जंगलं, पाणथळी, तळ्याकाठच्या जमिनी सरकारी मालकीत आणल्या. लोकांनी तक्रार केली नाही, उलट तो पुढे सिनेटवर निवडून गेला. निसर्ग राखायला मतं मिळतात, हे त्याने स्वतःच्या राज्यात पाहिलं होतं. वॉशिंग्टनमध्ये मात्र ते कुणाला पटवून देता येईना. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष केनेडींना निसर्गरक्षणाच्या प्रश्नावर पाच दिवसांत अकरा राज्यांचा दौरा करायला लावलं. दौरा झाला, भाषणं झाली. पण त्याच दिवसांत अणुचाचणीबंदीचा करार सिनेटपुढे होता, आणि पत्रकारांनी विचारलं ते त्याच्याविषयीच. दोन महिन्यांनी केनेडींची हत्या झाली.

यानंतरची सहा वर्षं नेल्सन विधेयकं मांडत राहिला आणि ती बाजूला पडत राहिली. डीडीटीवर बंदी आणण्याचं त्याचं विधेयकही त्यातलंच. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये येऊन गाजलं होतं, १९६४ मध्ये बाई कर्करोगाने गेल्याही. वाचक होते, संताप होता, पण तो मतपेटीपर्यंत पोचत नव्हता. मला हा काळ पुढच्या यशापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. नेल्सन खचला नाही हा त्याचा मोठेपणा आहेच, पण राष्ट्राध्यक्षाला गाडीत बसवून आणलं तरी प्रश्न पुढे सरकत नाही, हा धडा त्याला याच काळात मिळाला.

ऑगस्ट १९६९ मध्ये तो सांता बार्बराचा किनारा पाहायला गेला. परतीच्या विमानात त्याच्या हाती व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या ‘टीच-इन’वरचा लेख आला. हा प्रकार १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झाला होता. प्राध्यापकांनी वर्ग बंद पाडायचे नाहीत, रात्रभर आवारातच युद्धावर व्याख्यानं आणि वादविवाद घ्यायचे. नेल्सनला वाटलं, हेच पर्यावरणासाठी का करू नये? २० सप्टेंबरला सिएटलमधल्या भाषणात त्याने पुढच्या वसंतात देशभर असा एक दिवस पाळू या, असं जाहीर केलं. बातमी फुटली आणि त्याच्या कचेरीत पत्रांचा ढीग पडला.

पुढे त्याने जे केलं ते पुढाऱ्याला सहसा जमत नाही. त्याने सूत्रं सोडून दिली. रिपब्लिकन पक्षाचे कॅलिफोर्नियाचे खासदार पीट मॅक्लॉस्की यांना बरोबरीने अध्यक्ष केलं, म्हणजे दिवसावर एका पक्षाचा शिक्का बसणार नाही. हार्वर्डचं शिक्षण सोडून आलेल्या पंचवीस वर्षांच्या डेनिस हेजवर देशभराच्या जुळवाजुळवीची जबाबदारी टाकली. जाहिरात क्षेत्रातल्या ज्युलियन कोनिग यांनी दिवसाला ‘अर्थ डे’ हे नाव दिलं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली. वॉल्टर रूथर यांच्या मोटार कामगार संघटनेने पैसे दिले. ज्या मोटारींच्या धुराविरुद्ध मुलं बोलणार होती त्या बनवणाऱ्या कामगारांची ही संघटना. कार्यक्रम काय करायचा हे मात्र वरून कुणालाच सांगितलं गेलं नाही. तुमच्या गावात काय बिघडलंय ते तुम्ही ठरवा, वक्ते तुम्ही शोधा, एवढाच निरोप होता.

त्यामुळे २२ एप्रिल १९७० ला दोन कोटी अमेरिकन लोक सहभागी झाले तेव्हा गावागणिक गाऱ्हाणं निराळं होतं. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यू गाड्यांना बंद होता आणि लोक जाळ्यात मेलेले मासे धरून चालत होते. तोंडावर वायुरोधक मुखवटा चढवून मॅग्नोलियाचं फूल हुंगणाऱ्या तरुणाचं छायाचित्र त्याच दिवसाचं. फिलाडेल्फियात सिनेटर एडमंड मस्की बोलले. काँग्रेसच्या कामकाजाला सुट्टी देण्यात आली होती, कारण खासदार आपापल्या मतदारसंघात भाषणं करायला गेले होते. त्याच दिवशी लेनिनची जन्मशताब्दी असल्यामुळे हा कम्युनिस्टांचा डाव आहे, अशी कुजबुजही झाली. ॲडम रोम या इतिहासकाराने या दिवसावर २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याने दाखवून दिलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. हजारो वक्त्यांतले बहुसंख्य जण आयुष्यात प्रथमच पर्यावरणावर जाहीरपणे बोलत होते. बोलण्यासाठी त्यांना वाचावं लागलं, स्थानिक माहिती गोळा करावी लागली, शेजाऱ्यांना भेटावं लागलं. कित्येकांची पुढची वाट या महिन्यांत ठरली. वृत्तपत्रांत पर्यावरणाचे बातमीदार आले, विद्यापीठांत विभाग उघडले, खटले लढणारे वकील तयार झाले.

सगळेच खूश होते असं नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये सॅन होजेच्या कॉलेजात मुलांनी वर्गणी काढून एक कोरी मोटार विकत घेतली आणि प्रदूषणाचा निषेध म्हणून ती जमिनीत पुरली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी याला विरोध केला. आमच्या वस्त्यांत या पैशाने काय काय झालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं. शिसं मिसळलेल्या रंगाच्या खपल्या गरिबांच्या घरात पडत होत्या, हमरस्ते त्यांच्याच वस्त्या चिरून जात होते. या वस्त्यांचा प्रश्न पर्यावरणाचा प्रश्न म्हणून ऐरणीवर यायला अमेरिकेत आणखी दहा-बारा वर्षं लागली. ही उणीव या पुस्तकात झाकलेली नाही, हे मला आवडलं.

आणि आता त्या दिवसानंतरचे महिने. वाचकाने सर्वांत जास्त वेळ इथे थांबावं. हेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कचेरीला कुलूप लावलं नाही. त्यांनी ‘एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन’ ही संघटना उभी केली आणि काँग्रेसमधल्या, पर्यावरणाच्या प्रश्नावर ज्यांचं मतदान वाईट होतं अशा बारा खासदारांची यादी काढली. यादीला नाव दिलं ‘डर्टी डझन’. निवडही हिशेबाने केली होती. थोड्या मतांनी पडू शकतील असेच खासदार घेतले होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत बारापैकी सात पडले. बाल्टिमोरचे जॉर्ज फॅलन हे त्यांतले एक. सार्वजनिक बांधकामाच्या बलाढ्य समितीचे ते अध्यक्ष, हमरस्त्यांचे मोठे पाठीराखे, आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. उरलेल्या खासदारांना जे कळायचं ते कळलं.

स्वच्छ हवा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना निसर्गाचा विशेष कळवळा नव्हता. पण १९७२ च्या निवडणुकीत मस्की आपल्यासमोर उभे राहतील, अशी त्यांना धास्ती होती. पर्यावरण संरक्षण संस्था २ डिसेंबर १९७० ला सुरू झाली, हवेच्या कायद्यावर ३१ डिसेंबरला सही झाली. जून १९७२ मध्ये डीडीटीच्या जवळजवळ सर्व वापरांवर बंदीचा आदेश निघाला. त्याच वर्षी पाण्याच्या कायद्यावर निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, तर काँग्रेसने तो झुगारून कायदा केला. १९७३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींचा कायदा आला.

या कायद्यांनी नेमकं काय केलं, याचं एकच उदाहरण जवळून पाहू. हवेच्या कायद्याने मोटारींच्या धुरातले विषारी घटक ९० टक्क्यांनी कमी करण्याची मुदत घालून दिली. ते साधायला कंपन्यांनी १९७५ पासून धुराड्यात उत्प्रेरक यंत्रणा बसवली. पेट्रोलमध्ये शिसं असलं की ही यंत्रणा निकामी होते, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल पंपावर ठेवणं भाग पडलं. पुढे शिसं टप्प्याटप्प्याने हटवलं गेलं. १९७६ ते १९८० च्या राष्ट्रीय तपासणीत अमेरिकी माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९८८ ते १९९१ च्या तपासणीत ते २.८ वर आलं होतं. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. कोणत्याही आईबापाला केवळ जागरूक राहून आपल्या मुलाच्या रक्तातलं हे विष एवढं कमी करता आलं नसतं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं.

मग असा धारदार दिवस बोथट कसा झाला? उत्तर पहिल्याच वर्धापनदिनी सापडतं. १९७१ च्या वसुंधरा दिनी अमेरिकी टीव्हीवर एक जाहिरात सुरू झाली. एक आदिवासी माणूस होडी वल्हवत कचऱ्याने भरलेल्या किनाऱ्याला लागतो, धावत्या गाडीतून कुणीतरी त्याच्या पायाशी कचरा फेकतं आणि त्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसं सुरू करतात आणि माणसंच थांबवू शकतात, असं ती सांगत होती. ही जाहिरात ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेची. संस्था १९५३ मध्ये स्थापन केली होती ती डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांनी. परत करायच्या काचेच्या बाटल्या मोडीत काढून फेकून द्यायची वेष्टनं बाजारात आणणाऱ्यांतल्याच या कंपन्या. ओरेगन राज्याने १९७१ मध्ये बाटलीवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा केला. असे कायदे आणखी राज्यांत होऊ लागले तेव्हा या संस्थेने त्यांना विरोध केला. जाहिरातीतला तो रडणारा आदिवासीसुद्धा इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा होता.

अश्रू लाखोंना भिडला आणि प्रश्नाचा रोख कारखान्याच्या दारातून माणसाच्या घरात आला. कचरा टाकू नका, दिवे मालवा, प्रतिज्ञा घ्या. यातलं काहीच वाईट नाही. पण बाटली कुणी बनवली, ती परत घेण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यात बुडाला. आपल्याला हे परकं नाही. २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा पेट बाटल्यांवर अनामत घेऊन ती ग्राहकाला परत देण्याची तरतूद तिच्यात होती. ती रुजली नाही. वसुंधरा दिनाच्या कापडी पिशव्या मात्र आपण दरवर्षी वाटतो.

हा दिवस अमेरिकेबाहेर आला तो १९९० मध्ये. हेजनेच पुन्हा जुळवाजुळव केली आणि १४१ देशांत २० कोटी लोक सहभागी झाल्याचं सांगितलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये या तारखेला मान्यता दिली, पॅरिस करारावर सह्यांचा समारंभ २०१६ मध्ये याच तारखेला झाला. भारतातले पर्यावरणाचे कायदे मात्र या वाटेने आलेले नाहीत. ते आले १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतून. यजमान देश सोडला तर त्या परिषदेला हजर राहिलेल्या इंदिरा गांधी या एकमेव पंतप्रधान. १९८१ च्या हवा कायद्याच्या आणि भोपाळनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या सुरुवातीलाच स्टॉकहोमचा उल्लेख आहे. म्हणजे कायदे आपल्याकडे आहेत आणि बरे आहेत. त्यांची अंमलबजावणी करून घेणारं, त्यावर मत देणारं आणि मत काढून घेणारं लोकांचं बळ मात्र आपल्याला अजून उभं करायचं आहे. अमेरिकेतल्या या एका वर्षाची हकिगत मराठीत येणं मला म्हणूनच गरजेचं वाटत होतं.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ‘डर्टी डझन’चं प्रकरण आधी वाचावं, बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल. आणि येत्या २२ एप्रिलला रोप लावू नये, ते जूनसाठी ठेवावं. त्या दिवशी आपल्या नदीच्या पाण्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर केलेले आकडे मिळवावेत, सांडपाण्याची प्रक्रिया केंद्रं मंजूर किती आणि चालू किती हे विचारून घ्यावं, आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला बोलावून ते आकडे त्यांच्यासमोर सगळ्यांदेखत वाचून दाखवावेत. त्यांनी दिलेली उत्तरं तारखेसह लिहून ठेवावीत आणि निवडणूक आली की ती वही बाहेर काढावी.